अनिता बर्बर : नृत्याबद्दलही लिहा

महोदय,

१९२० च्या दशकातील बर्लिनच्या कॅबरेतील नर्तकी अनिता बर्बरचे नाव निघाले की तिची व्यसने आणि नग्नता यांवरच रकाने भरतात. नृत्य बाजूला राहते, हे खटकते. १८९९ मध्ये लाइपझिगला जन्मलेल्या बर्बरने नर्तकी रीटा साकेतो यांच्याकडे रीतसर शिक्षण घेतले होते. तिचे ‘कोकेन’ हे नृत्य फ्रेंच संगीतकार सँ-साँस यांच्या संगीतावर, तर ‘मॉर्फिन’ संगीतकार स्पोलियान्स्की यांच्या रचनेवर बसवलेले होते. असा गंभीर कार्यक्रम दारू पीत गप्पा मारणाऱ्या प्रेक्षकांपुढे करायचा, खरी अडचण तिथेच होती.

त्यात जर्मनीतली चलनवाढ. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत. ठरलेली बिदागी हाती येईपर्यंत कवडीमोल होई. त्याच वर्षी जानेवारीत ऑस्ट्रियाने तिला हद्दपार केले होते.

जर्मन चित्रकार ओट्टो डिक्स यांच्या १९२५ च्या चित्रात लाल पोशाखातली ती पन्नाशीची भासते. तेव्हा ती पंचविशीत होती! चित्र थोर आहे, पण तो तिच्या वयाचा पुरावा नव्हे. १० नोव्हेंबर १९२८ रोजी बर्लिनमध्ये ती गेली ती क्षयाने, वयाच्या २९ व्या वर्षी.

– एक वाचक