वाघाला खाणारं जनावर का नाही?

प्रिय मित्रा,

वाघाची शिकार करून जगणारं एखादं जनावर का नसावं, हा तुझा प्रश्न मला फार आवडला. तू म्हणतोस, वाघाला हरवेल एवढी ताकद कोणात नाही. मला वाटतं, ताकद उत्क्रांतीच्या ओघात येऊ शकली असती. अडतं ते पोट भरण्यापाशी.

सुरुवात पानापासून कर. पानावर पडणाऱ्या उन्हातला एक टक्क्याच्या आसपासचा भागच वनस्पती साखरेत बांधून ठेवतात. त्यातलाही बराचसा त्यांच्या स्वतःच्या श्वसनात खर्च होतो. उरलेलं सगळं हरीण थोडंच खातं? खोडं राहतात, मुळं राहतात. खाल्लेल्यातलं बरंचसं लेंडीवाटे बाहेर जातं. अंगी लागतं त्यातलं बहुतेक पळण्यात, शरीर ऊबदार राखण्यात संपतं आणि उष्णता होऊन हवेत जातं. वाघाला मिळतं ते हरणाचं मांस. हरणाने जन्मभर चरलेला चारा नव्हे.

अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यातल्या ऊर्जेचा असा हिशेब १९५७ साली प्रसिद्ध केला. वर्षभरात दर चौरस मीटरमागे वनस्पतींनी २०,८१० किलोकॅलरी बांधल्या. वनस्पती खाणाऱ्यांकडे ३,३६८ आल्या, त्यांना खाणाऱ्यांकडे ३८३ आणि सर्वांत वरच्या मांसभक्षकांकडे फक्त २१. म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत हजारातला एक भाग उरला. दर पायरीला दहा टक्केच ऊर्जा पुढे जाते हा आपण शाळेत घोकलेला नियम किती ढोबळ आहे तेही यात दिसतं. इथे टप्प्याटप्प्याला साधारण सोळा, अकरा आणि साडेपाच टक्केच पुढे गेले. आता पाचव्या पायरीवर भलंमोठं जनावर बसवून बघ. पोटापुरते वाघ मिळवायला त्याला केवढा मुलूख पालथा घालावा लागेल! त्या वणवणीतच त्याची मिळकत संपायची.

तरीही वाघावर जगणारे जीव आहेतच. गोचीड आहे, आतड्यातले जंत आहेत. त्यांना पाठलाग करावा लागत नाही आणि भूकही इवलीशी, म्हणून त्यांचं भागतं.

ऊर्जेच्या वाटणीच्या नजरेने निसर्गाकडे बघायला शिकवलं ते रेमंड लिंडेमन या अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञाने. मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्याचा अभ्यास करून त्यांनी लिहिलेला निबंध आधी नाकारला गेला. १९४२ मध्ये तो छापून आला तेव्हा ते हयात नव्हते. वयाची सत्तावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. हे आठवलं की मला अजून हळहळ वाटते.

पण तुला खरं सांगायचंय ते पालापाचोळ्याबद्दल. गवत, हरीण, वाघ असं चित्र आपण इतक्यांदा पाहिलंय की जंगलाची सगळी ऊर्जा त्याच वाटेने जाते असं वाटतं. प्रत्यक्षात जंगलातल्या पानांचा बहुतांश भाग कुणी हिरवा असताना खातच नाही. तो गळून पडतो आणि बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडुळं यांच्या वाट्याला जातो. मोठा प्रवाह आहे तो इथे, पायाखाली. वाघाचा वाटा त्यापुढे नगण्य. जंगल वाचवायचं म्हणताना आपण या कुजण्याकडे बघतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वाळलेली खोडं आणि पाचोळा 'साफ' करून नेला, तर आपण कितीतरी जिवांचं अन्नच उचलून नेतो.

हेच जीव नत्र, स्फुरद मातीत मोकळं करतात आणि ते मुळांवाटे पुन्हा झाडात चढतं. ऊर्जेला मात्र असा परतीचा रस्ता नाही. उष्णता झालेली ऊर्जा कुठलंही पान पुन्हा साखरेत बांधू शकत नाही, त्याला रोज नवं ऊनच लागतं.

जिथे ऊन पोचतच नाही तिथलं काय, असं तू विचारशीलच. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ खोल समुद्रतळाशी गरम पाण्याचे झरे सापडले. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवून अन्न तयार करतात आणि तोंड, आतडं काहीच नसलेले लांबलचक नळीकृमी त्यांना अंगात सांभाळून त्यांच्यावर जगतात. त्यांच्याविषयी सविस्तर पुढच्या पत्रात लिहितो.

तुझाच,
मित्र