सूचना : लढाईचे नकाशे रविवारी आणावेत

सर्व सभासद कुटुंबांना नमस्कार. रविवारी दांडिया बाजारला टेबलावरचा लढाईचा खेळ खेळायला येताना घरी काढलेले रणांगणाचे नकाशे आणा. बडोद्यातल्या पावसाळी दमटपणात कागद लगेच वाकतो, तरी घडी मुळीच घालू नका. घडीवरचीच शाई आधी उडते. चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून सैल गुंडाळा, म्हणजे टेबलावर कडा वर उचलत नाहीत.

नवा नकाशा काढताना आधी पेन्सिलीने 1 इंचाचे चौकोन आखा. खेळात एक चौकोन 5 फुटांचा धरला तर 22 बाय 28 इंची कार्डशीटवर 110 बाय 140 फुटांचं रणांगण मावतं. पावागडाचा एखादा दरवाजा आरामात बसेल! खेळातले सापळे मात्र वेगळ्या चिठ्ठ्यांवर काढा, नाहीतर मुलांना आधीच दिसतात. लहानग्यांनी काढलेले वाकडे बुरूज कृपया सुधारू नका. नकाशाच्या मागच्या बाजूला काढणाऱ्याचं नाव आणि तारीख हवीच.