निवाड्याचा कच्चा मसुदा

प्रिय विनय,

वकिली बरी चालली असताना पुन्हा विद्यार्थी व्हायचं खूळ कुठून आलं, असं विचारलंस. आईनेही तेच विचारलं, तुझ्याइतक्या सभ्यपणे नाही.

प्रबंधाचा विषय ठरलाय: व्यापारी लवादात, म्हणजे कोर्टाऐवजी आर्बिट्रेटर नावाच्या पंचाकडून वाद सोडवण्यात, कृत्रिम बुद्धिमत्ता. ऐकणाऱ्याला वाटतं, ‘यंत्र आर्बिट्रेटर होईल का’ यावर मी लिहितोय. त्यात मला फारसा रस नाही. फ्रान्सने तर देशांतर्गत लवादापुरतं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४५० मध्ये लिहूनच टाकलंय की हे काम माणसानेच करायचं.

मला छळतो तो प्रश्न वेगळा. आर्बिट्रेटर माणूस, सही त्याची. पण हजारो पानांचा सारांश सॉफ्टवेअरने काढला आणि कारणमीमांसेचा मसुदाही त्यानेच लिहिला, तर निवाडा कोणाचा?

युकोस या रशियन तेल कंपनीचा खटला तुला आठवत असेल. २०१४ मध्ये लवादाने भागधारकांना रशियाकडून ५० अब्ज डॉलरहून जास्त भरपाई दिली. रशियाचा एक आक्षेप असा, की निवाड्याचा मोठा भाग आर्बिट्रेटरांच्या सहायकाने लिहिलाय. त्यासाठी भाषातज्ज्ञाचं शैली-विश्लेषणही आणलं. हेगच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये ऐकलं नाही. मसुदा कोणाचाही असो, आर्बिट्रेटरांनी तो आपला म्हणून स्वीकारला की जबाबदारी त्यांची.

माझ्या मार्गदर्शक म्हणतात, सहायकाच्या जागी यंत्र ठेव, तर्क तोच. मला पटत नाही. सहायकाला ‘हा ईमेल का गाळलास?’ असं विचारता येतं. मॉडेलही उत्तर देईल, पण ते मागाहून जुळवलेलं असू शकतं. शिवाय यंत्राने रचलेला, मुळात नसलेल्या निकालाचा बनावट दाखला निदान पकडता येतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली त्यापायी वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. सारांशातून गळलेला कागद मात्र आर्बिट्रेटरच्या समोर येतच नाही, मग तो गळलाय हे त्याला कळणार कसं? परदेशी निवाड्यांच्या अंमलबजावणीबद्दलच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारात ‘बाजू मांडायला मिळाली नाही’ हा आक्षेप आहे खरा. पण तो सिद्ध करायचा कशाच्या जोरावर?

सिलिकॉन व्हॅलीच्या लवाद केंद्राने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली: आर्बिट्रेटरने निर्णय यंत्रावर सोपवू नये. छान. तपासणार कोण?

आता तुझं काम. यंत्राला काय दिलं, त्याने काय गाळलं, याची नोंद ठेवता येते का, आणि तीही पक्षकारांची गुपितं न फोडता? लवादाला लोक येतात ते बरेचदा गुप्ततेसाठीच. तांत्रिक शब्दांनी घाबरवू नकोस, पण सोपं करायच्या नादात चुकीचंही सांगू नकोस. प्रबंधाचं पुढचं प्रकरण तुझ्या उत्तरावर अडलंय.

तुझा,
मंदार