अर्ध्या लिटरच्या बाटलीसाठी आभार : प्राध्यापक हेदर झार यांना खुलं पत्र

आदरणीय झार मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. आपली ओळख नाही, आणि मराठीतलं हे पत्र दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला तुमच्या टेबलापर्यंत पोहोचेल की नाही, कुणास ठाऊक. पण तुमचे आभार चारचौघांत मानावेत असं फार दिवसांपासून मनात होतं. ज्या कामासाठी ते मानायचे, ते काम आमच्या आशाताईंना, अंगणवाडीसेविकांना आणि लहान लेकरांच्या आईबापांना ठाऊक असायला हवं, म्हणून हे पत्र उघड लिहितेय.

ते काम म्हणजे पाण्याच्या नाहीतर थंड पेयाच्या अर्ध्या लिटरच्या रिकाम्या बाटलीचं, तिच्यातून धाप लागलेल्या लेकरांना श्वासाचं औषध देण्याचं.

आमच्याकडे दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडच्या, मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांतल्या. कारखान्याच्या आसपास, फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या पडतात. एकेका कोपीत नवराबायको, दोन-तीन लेकरं, चूल, भांडीकुंडी, सगळं एकाच छपराखाली. पहाटे अंधारातच कोयता घेऊन निघायचं असतं. तान्ह्या पोराला मागे ठेवणार कुणाजवळ? तेही फडात जातं. गार वारा, पाचटाची धूळ, संध्याकाळी चुलीचा धूर, आणि त्यात सर्दी. दोन दिवस नाक वाहतं, मग एका रात्री छाती वाजायला लागते. सकाळी आई दारात उभी असते : "सिस्टर, पोट लई उडतंय बघा ह्याचं."

कपडे वर करून बघितलं की दिसतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खालची जागा आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात, आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, तीच घरघर. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये हे बहुतेक वेळा विषाणूच्या सर्दीमुळे होतं. या वयात श्वासनलिका मुळातच अरुंद असतात, त्यामुळे थोडी सूज आणि थोडा चिकट स्राव एवढ्यानेही हवा अडते. यातल्या कितीतरी मुलांना पुढे दमा राहत नाही, वय वाढतं तशी घरघर थांबते. पण त्या रात्री त्या आईला याचा काय उपयोग? तिला पोराचा श्वास मोकळा झालेला बघायचा असतो.

औषध साधं आहे आणि आमच्याकडे मिळतं. साल्ब्युटामॉलचा इन्हेलर, ज्याला लोक पंप म्हणतात. अडचण ते औषध छातीपर्यंत पोहोचवण्याची. पंपातून फवारा फार जोरात सुटतो. मोठा माणूस पंप दाबायची आणि श्वास घ्यायची वेळ जुळवू शकतो, दीड वर्षाचं पोर कसं जुळवणार? औषध जिभेवर आणि घशातच बसतं. म्हणून मध्ये स्पेसर लागतो, म्हणजे एक पोकळ नळा. फवारा त्यात मंदावतो, मोठे थेंब भिंतीवर बसतात, बारीक थेंब हवेत तरंगत राहतात आणि मूल आपल्या नेहमीच्या श्वासाने ते आत ओढतं. विकतचा स्पेसर तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतो, पण उचल घेऊन आलेल्या कुटुंबाला तो परवडतोच असं नाही. औषधाचा बारीक फवारा करून देणारं यंत्र, नेब्युलायझर, आमच्या केंद्रात आहे. त्याला वीज लागते, आणि कोपीत वीज नसते.

बाटलीच्या बुडाला भोक पाडून त्यात पंप बसवायचा, ही युक्ती तुमच्या आधीही लोक करत होते. कागदाचे, प्लॅस्टिकचे कपही वापरत होते. गरीब वस्तीत काम करणारा प्रत्येक जण अशी काहीतरी सोय करतोच. ती सोय खरंच काम करते का, हा प्रश्न तुम्ही विचारलात आणि त्याचं उत्तर पुरत्या शिस्तीने काढलंत, याचं मला फार मोल वाटतं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला तुमचा अभ्यास मी एका प्रशिक्षणात पहिल्यांदा ऐकला आणि नंतर मिळवून वाचला. केपटाउनच्या रेड क्रॉस वॉर मेमोरियल बालरुग्णालयात दम्याचा झटका घेऊन आलेली ५ ते १३ वर्षांची ८८ मुलं. कुणाला कोणतं साधन मिळणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. एकीकडे विकतचा स्पेसर. दुसरीकडे ५०० मिलीची बाटली, पंपाभोवतीची फट गोंदाने बुजवलेली. तिसरीकडे तीच बाटली, पण फट न बुजवलेली. आणि चौथीकडे थर्माकोलचा कप. मग मुलांना फुंकायला लावून फुप्फुसांची ताकद मोजली.

फट बुजवलेली बाटली विकतच्या स्पेसरच्या बरोबरीला आली. फट तशीच ठेवलेली बाटली मध्येच कुठेतरी राहिली. थर्माकोलचा कप सगळ्यांत मागे पडला.

मॅडम, कप मागे पडला हे तुम्ही छापलंत, याचे मी वेगळे आभार मानते. "घरगुती उपाय चांगले असतात" एवढंच मोघम सांगून कुणालाही थांबता आलं असतं. तुम्ही एका सोयीला होकार दिलात आणि दुसरीला नकार. त्या नकारामुळेच मला होकारावर भरवसा ठेवता येतो. आणि ती फट! एवढीशी गोष्ट, पण ती वेगळी काढून तपासली नसती तर आम्ही आजही सैल बसवलेले पंप पोरांच्या तोंडाला लावत बसलो असतो.

तरी माझ्यासारखीच्या कामाचा मुख्य प्रश्न उरत होता. फुंकून मोजायचं म्हणजे मूल पाच-सहा वर्षांचं तरी हवं. आमच्याकडे येणारी बहुतेक पोरं त्याहून लहान. तुम्हीही तिथे थांबला नाहीत. २००७ मध्ये तुमचा दुसरा अभ्यास आला, २ महिने ते ५ वर्षे वयाच्या ४०० मुलांचा, श्वासमार्ग अडून घरघर घेऊन आलेल्यांचा. या वयात फुंकून मोजणं चालत नाही, म्हणून साधा आणि सर्वांना कळणारा निकष धरलात : मुलाला दवाखान्यात भरती करावं लागलं का? बाटली आणि विकतचा स्पेसर यांत फरक पडला नाही. हा निकाल मी आमच्या आशाताईंच्या बैठकीत वाचून दाखवला तेव्हा एका ताईने लगेच विचारलं, "म्हणजे आपण गरिबाला हलकं देतोय असं नाही ना?" नाही, ताई. मोजून बघितलंय.

बाटली कशी करतो तेही लिहिते, कारण हे पत्र वाचणाऱ्या एखाद्या सिस्टरला ते उपयोगी पडेल. बाटली कडक बुडाची घ्यायची. जाड तारेला पंपाच्या तोंडाचा लांबट गोल आकार द्यायचा, पकडीत धरून गॅसवर लाल होईपर्यंत तापवायची आणि बुडावर टेकवायची. प्लॅस्टिक वितळून बरोबर तेवढंच भोक पडतं. भोक किंचित लहानच ठेवायचं, म्हणजे पंप दाबून घट्ट बसतो, आणि तरीही भोवतीने गोंद लावायचा. तान्ह्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातली पद्धत वापरतो : बाटलीचा वरचा पाव भाग कापून टाकायचा, राहिलेल्या रुंद तोंडाच्या काठाला नाकासाठी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच घ्यायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर काठ मऊ करून घ्यायचा, नाहीतर गालाला कापतं. त्या तक्त्यात आणखी एक सूचना आहे. बाळासाठी कप वापरायचा असेल तर तो प्लॅस्टिकचा चालेल, थर्माकोलचा नको. ती ओळ वाचली की मला तुमच्या अभ्यासातली चौथी रांग आठवते.

मग बाटली साबणाच्या पाण्यातून काढून तशीच निथळत ठेवायची, फडक्याने पुसायची नाही. पुसलं की प्लॅस्टिकवर वीजभार येतो, आणि केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो तशी बाटलीची भिंत औषधाचे कण ओढून घेते. बाटली नवी असेल आणि धुवायला वेळ नसेल, तर आधी चार-पाच पफ, म्हणजे पंपाचे फवारे, नुसतेच आत मारायचे. हे एवढं आयांना समजावायला वेळ जातो, पण एकदा समजलं की त्या विसरत नाहीत.

औषध देताना मूल आईच्या मांडीवर हवं. दोन पफ मारायचे, काठ चेहऱ्याला नीट टेकवायचा आणि तीन ते पाच श्वास मोजायचे. मी मोठ्याने मोजते, आई माझ्याबरोबर मोजते. मूल रडायला लागलं तर थांबून त्याला शांत करायचं, कारण रडताना औषध नीट आत जात नाही. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, छाती पुन्हा बघायची, पुन्हा मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या मुलाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, वर्षाच्या वरच्याचा ४० किंवा जास्त असला तर न्यूमोनियाचा संशय येतो. पण घरघर असेल तर आधी हे औषध असं तीनदा देऊन बघायचं आणि मग ठरवायचं, असं बालआजारांचं मार्गदर्शन सांगतं. बऱ्याच पोरांचा श्वास औषधानेच खाली येतो, आणि मग विनाकारण प्रतिजैविक द्यावं लागत नाही. हातात बाटली नसेल तर हे "तीनदा देऊन बघायचं" कागदावरच राहतं. माझ्या टेबलावरचा हा सगळ्यांत मोठा फरक आहे.

एका आईबद्दल सांगते. मुलगी सव्वा वर्षाची. "पंपाची सवय लागते" असं गावाकडून ऐकून आलेली, त्यामुळे सिरपच द्या म्हणून हटून बसलेली. सिरपने हात थरथरतात, छाती धडधडते आणि फुप्फुसात पोहोचतं थोडंच, हे मी सांगितलं. तिला पटलं नाही, आणि मी तिच्यावर रागावले नाही, कारण तिची भीती पोरीच्या काळजीतूनच आलेली होती. मग बाटली तिच्याच हातात दिली. तिने उलटसुलट करून बघितली, भोकातून पंप काढला, पुन्हा बसवला. "ही तर आपलीच बाटली हाय," म्हणाली आणि पोरीला मांडीवर घेऊन स्वतःच पहिला पफ दाबला. तिसऱ्या खेपेनंतर पोरीने दूध मागितलं. कोपीवर जाताना ती बाटली पदराखाली धरून घेऊन गेली.

या बाटलीने काय होत नाही, हेही वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. तुमचे दोन्ही अभ्यास झटका आला असतानाच्या औषधाचे आहेत. घरघर पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून रोज काय द्यावं, कुणाला द्यावं, याचं उत्तर त्यात नाही, आणि ते बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायचं. ओठ निळे पडत असतील, मूल अंगावर पीत नसेल किंवा मलूल पडलं असेल, तर बाटली हातात असली तरी आधी गाडी बोलवायची आणि ऑक्सिजन असलेल्या दवाखान्यात न्यायचं.

तुम्ही पुढे केपटाउनजवळच्या पार्ल गावाच्या आसपास ड्रॅकेन्स्टाइनचा अभ्यास उभा केलात, गरोदर बायांपासून सुरुवात करून हजाराहून अधिक बाळांच्या मागे वर्षानुवर्षं राहिलात. आईचं धूम्रपान, घरातला धूर, पहिल्या वर्षातला छातीचा आजार आणि पुढची घरघर यांचा धागा तुम्ही तिथे पकडलात, तो मी आमच्या कोप्यांकडे बघत वाचते. इथे बाया सिगारेट ओढत नाहीत, पण चुलीवर ओलं सरपण असतं आणि मिसरी भाजतानाही कोपी धुराने भरते. यावर बोलायला मला तुमच्या कामाने बळ दिलं. चूल कोपीच्या बाहेर मांडा, एवढं मुकादमाला सांगताना आता माझा आवाज कचरत नाही.

तुमचे सहकारी युजीन वाइनबर्ग आणि दोन्ही अभ्यासांत राबलेल्या सगळ्यांचेही आभार. आणि त्या आईबापांचे, ज्यांनी धाप लागलेल्या पोराला घेऊन येऊनही "कोणतं साधन मिळेल ते सांगता येणार नाही" हे ऐकून घेतलं आणि हो म्हटलं. ती पोरं आता मोठी झाली असतील. त्यांच्यातल्या कुणाला कळावं, की त्यांनी तोंडाला लावलेल्या बाटलीवरून आम्ही आमच्या बाटल्या करतो.

यंदाचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्या केंद्रातल्या आशाताई एकत्र बसून बाटल्या करणार आहेत. तारा वाकवून ठेवल्यात, गोंद आणलाय. प्रत्येकीला दोन बाटल्या द्यायच्या, एक तान्ह्यांसाठी आणि एक मोठ्यांसाठी. पंप वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या चिठ्ठीवरच मिळेल.

तुम्हाला उदंड आयुष्य लाभो.

आपली कृतज्ञ,
ऊसपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका