शेवटच्या रांगेतला रुमाल

आदरणीय डॉक्टर,

रविवारी सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात पडदा पडला, टाळ्या संपल्या, आणि आम्ही मंडळी खाली उतरेपर्यंत शेवटच्या रांगेतली तुमची खुर्ची रिकामी झाली होती. फोन केला तर "घसा ठीक आहे ना? मग झोपा की," एवढं बोलून तुम्ही तो ठेवलात. आभार मानायला जागाच ठेवली नाहीत, म्हणून आता चारचौघांत मानतो. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलं होतं, ते पाळलंय.

आमचा कार्यक्रम डॉ. श्रीराम लागूंच्या कारकिर्दीवर. दीड तास, एक नट, एक खुर्ची, एक काठी. ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस मुळात कान-नाक-घशाचा सर्जन, आणि तालमी रंगात आलेल्या असताना आमच्या नटाचा घसाच गेला. सकाळी घोगरा, दुपारी फाटका, रात्री नुसती हवा. दैवाची थट्टा म्हणावं तर लागूंना ते चाललं नसतं. देवाला रिटायर करा म्हणणारा माणूस तो.

तुमच्याकडे पोचण्याआधी आम्ही कुठे कुठे फिरलो ते सांगणं भाग आहे. एका ठिकाणी दोन मिनिटांत इंजेक्शन टोचलं आणि म्हणाले, संध्याकाळी बोला बिनधास्त. तो बोलला. दोन दिवस आवाज खणखणीत लागला, तिसऱ्या दिवशी होता तोही गेला. स्टेरॉइडनं सूज तात्पुरती उतरते, दुखणं कळेनासं होतं, माणूस जोर लावतो आणि अशा वेळी स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटू शकते, हे आम्हाला नंतर तुमच्याकडून कळलं. दुसऱ्या ठिकाणी दुर्बीण घातली, गाठ आहे म्हणाले आणि लगेच ऑपरेशनची तारीख द्यायला निघाले. नाटकातले जाणकारही मागे नव्हते. कॉलर माइक लाव म्हणजे झालं. ज्येष्ठमध चघळ. कुजबुजत बोल, आराम पडेल. आणि सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे, लागू करतोयस, आवाज भारदस्त काढ. हा शेवटचा सल्ला देणाऱ्यांत आम्हीही होतो.

या सगळ्यांत एकानंही त्याला विचारलं नव्हतं, तू दिवसभर काय काम करतोस? तुमचा पहिला प्रश्न तोच होता.

तो पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. चालू मागांच्या मधून फिरायचं, बिघडलेला माग दुरुस्त करायचा आणि चार माग पलीकडच्या कामगाराला ओरडून सांगायचं. मागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. अशा गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, त्याला स्वतःला कळतही नाही. म्हणजे घसा नाटकानं बिघडवला नव्हता. रोज आठ-दहा तास माग तो घासत होता आणि रात्रीच्या दोन तासांच्या तालमीवर आळ येत होता. नाटक सोड म्हणणाऱ्या घरच्यांना हे तुम्ही स्वतः सांगितलंत, तेही त्यांच्या तेलुगूत, मोडकंतोडकं का होईना. त्याच्या माउलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग तुम्ही पडद्यावर त्याला त्याचेच स्वरतंतू दाखवलेत. पुरुषाचे दोन सेंटिमीटरच्या आसपास लांब, साध्या बोलण्यात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आपटणारे. तासभर सलग बोललं तर चार लाखांच्या आसपास टाळ्या, असा हिशोब तुम्ही केलात. पुढचा एक तृतीयांश भाग जिथे संपतो, तिथे आपटण्याचा जोर सर्वांत जास्त, म्हणून दोन्ही बाजूंना समोरासमोर तिथेच सूज. ती अजून मऊ होती. मऊ सूज आवाजाची सवय सुधारली की बहुतेक वेळा बसते. घाईनं कापली तर व्रण राहतो, व्रणाची जागा ताठ होते, आणि ताठ स्वरतंतूवर कंपनाची लाट नीट उठत नाही. शिवाय सवय तीच राहिली तर सूज परत येणार ती येणारच.

तुम्ही सांगितलेल्या गोष्टी इथे लिहून ठेवतो. सोलापुरात गळा फाडून पोट भरणारे कमी नाहीत. भाजीवाले आहेत, शिक्षक आहेत, एस.टी.चे कंडक्टर आहेत, निवडणुकीत आमचे पुढारीही. पहिले चार दिवस पूर्ण मौन. कुजबुज अजिबात नाही, कारण कुजबुजताना घसा उलट आवळला जातो. बोलायचंच असेल तर हळू, पण खऱ्या आवाजात. खाकरायचं नाही, खाकरावंसं वाटलं की आवंढा गिळायचा किंवा पाण्याचा घोट घ्यायचा. प्यालेलं पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेतून जातं, म्हणून एंट्रीच्या आधी ढसाढसा पिऊन उपयोग नाही. सकाळपासून थोडं थोडं पीत राहायचं. थेट स्वरतंतूंपर्यंत पोचते ती वाफ. पण साध्या पाण्याची, त्यात झोंबणारं मलम टाकून नाही. गार वाटणाऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या घसा बधिर करतात, आणि बधिर घशानं माणूस जास्त जोर लावतो.

तालमीनंतर रात्री अकराला कडक भाकरी आणि शेंगा चटणी हा आमचा जुना रिवाज. तेल, तिखट आणि लगेच आडवं होणं, म्हणजे पोटातलं आम्ल रात्रभर घशाशी. तुम्ही बंदी नाही घातलीत. "खावा की, पण आठच्या आत." झोपण्याआधी तीन तास पोट मोकळं, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली वीतभर विटा. नुसती उशी उंच करून भागत नाही, त्यानं मान वाकते आणि पोट दाबलं जातं.

कारखान्यासाठी कानात घालायचे फोमचे बोळे. कान झाकले की स्वतःचा आवाज आतून मोठा ऐकू येतो आणि माणूस आपसूक हळू बोलतो. बाकीच्या कामाला शिट्टी आणि हाताच्या खुणा. महिन्याभरात त्या शेडमध्ये सगळेच खुणांनी बोलायला लागले, मालक चक्रावून गेला म्हणतात.

आणि ती स्ट्रॉ. ग्लासात पाणी, स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवून सावकाश 'ऊ' म्हणायचं, बुडबुडे एकसारखे यायला हवेत. पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. पाण्याचा उलटा दाब स्वरतंतूंना किंचित दूर धरतो, त्यामुळे ते आपटत नाहीत, हलके भिडतात. बुडबुडे तुटले की समजायचं, श्वास तुटला. टोक खोल बुडवलं की गाल फुगतात आणि व्यायाम वाया जातो. पहिला आठवडा असा वायाच गेला.

तारीख दोन महिने पुढे ढकलायला लावलीत. ती भानगड इथे लिहीत नाही, निभावली कशीतरी.

पण डॉक्टर, घशाचं औषध आणखी कुणीतरी दिलंही असतं. तुम्ही आमचे लागू दुरुस्त केलेत, त्याबद्दल लिहायचंय.

महाराष्ट्रात गल्लोगल्ली नटसम्राट आहेत. गळ्यातली घाटी खाली दाबायची, आवाज खर्जात ढकलायचा, वर थरथर घालायची, झाले गणपतराव बेलवलकर. आमचा नटही तेच करत होता आणि दिवसभर मागावर घासलेला घसा रात्री असा पिळत होता. तुम्ही दहा मिनिटं ऐकलंत आणि म्हणालात, "लागूंचा आवाज तुमच्या गळ्यात मावणार नाही. त्यांची वाक्याची तोड घ्या." आणि मग हिशोब मांडलात. डिसेंबर १९७० मध्ये नटसम्राट उभं राहिलं तेव्हा लागू ४३ वर्षांचे होते. त्रेचाळिशीचा, धडधाकट, वर्षभरापूर्वीच डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झालेला माणूस निवृत्त म्हातारा उभा करतो, तो घसा खरवडून नाही. म्हातारपण श्वासात असतं. वाक्य कुठे थांबतं, पुढचा शब्द उचलायला किती वेळ लागतो, त्यात असतं.

आमच्या संहितेत सगळी सनावळी होती. १९५१ मध्ये भालबा केळकरांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही नाट्यसंस्था, पुण्यातली प्रॅक्टिस, आफ्रिकेत टांझानियातलं टबोरा, १९६९ मध्ये परतून 'इथे ओशाळला मृत्यू' हे नाटक. तुम्ही विचारलंत, या सगळ्यात माणूस कुठे आहे? चाळिशी ओलांडलेला सर्जन हातातलं बसलेलं काम सोडतो, त्याची भीती कुठे आहे? आम्ही ती दोन पानं फाडली आणि त्या जागी फक्त थांबा घेतला. सात सेकंदांचा. रविवारी तिथे कुणी खोकलंसुद्धा नाही.

'गिधाडे'वरून मात्र आपली जुंपली. दिग्दर्शक लागूंचा भाग आम्ही दोन ओळींत उरकला होता. नटसम्राट ज्या वर्षी केलं त्याच वर्षी तेंडुलकरांचं ते नाटक त्यांनी बसवलं, सेन्सॉरशी भांडले, साडीवरच्या रक्ताच्या डागाला हरकत घेतली तेव्हा डाग निळा केला आणि तो लाल समजावा असं प्रेक्षकांना सांगितलं. एवढा मोठा दिग्दर्शक नटाच्या सावलीत झाकला जातो, ही मराठी प्रेक्षकांची वाईट खोड आहे, असं तुमचं म्हणणं. पटलं. त्यांनी दिग्दर्शित केलेला 'झाकोळ' सिनेमा आठवणारे तर आता शोधावे लागतील.

सिनेमाच्या भागात तुम्ही आवाज खाली आणायला लावलात. 'पिंजरा' १९७२, मग 'सामना', दोन्हींत मास्तर, आणि दोन्ही मास्तर वेगवेगळ्या तऱ्हेनं कोसळलेले. एक तमाशाच्या फडात, दुसरा बाटलीत. पडद्यावर माइक वीतभर अंतरावर असतो, तिथे नट प्रेक्षकाच्या कानात बोलतो. 'घरौंदा'तला मोदी आठवा, ज्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. त्यात आवाज चढतच नाही जवळजवळ. म्हणून आमच्या नटानं ती वाक्यं रंगमंचाच्या पुढच्या कडेला बसून, माइकजवळ, गप्पा मारल्यासारखी म्हणायची आणि नाटकाची वाक्यं मागे उभं राहून, माइक बंद. कार्यक्रमातला सगळ्यात चांगला बदल हा. त्याचं श्रेय रविवारी आम्हाला मिळालं आणि आम्ही ते गपचूप घेतलं.

('सामना'चे जब्बार पटेल आपल्या पंढरपूरचे आणि लहान मुलांचे डॉक्टर, मोहन आगाशे मनाचे, लागू घशाचे. या मंडळींनी दवाखान्यातच मन रमवलं असतं तर मराठी नाटकाचं काय झालं असतं, हे तुम्ही चहा पिताना म्हणालात. आम्ही ते संहितेत घातलं. हशा मिळाला.)

आता रुमाल.

शेवटच्या सहा तालमींना तुम्ही दवाखाना आटपून आलात. दर वेळी सरळ शेवटच्या रांगेत. गुडघ्यावर पांढरा रुमाल. वाक्याचा शेवट तुमच्यापर्यंत पोचला नाही की रुमाल वर. बस्स. "ऐकू येत नाही" अशी आरोळी नाही, तालीम थांबवणं नाही. पहिल्या रात्री रुमाल इतक्यांदा वर गेला की आम्ही मोजणं सोडलं. आणि आवाज मोठा करायला लागला की तुम्ही मान हलवायचात, नाही. मग जवळ येऊन सांगितलंत: मराठीत क्रियापद शेवटी येतं. कन्नडात, तेलुगूतही तसंच. नट वाक्याच्या सुरुवातीला सगळा श्वास उधळतो आणि शेवटी 'केलं' की 'केलं नाही' तेच हवेत विरतं. शेवटच्या रांगेतल्या माणसानं तिकीट पूर्ण काढलेलं असतं आणि त्याला अर्धं वाक्य मिळतं. जोर वाढवू नका, श्वास मागे ठेवा. आठ शब्दांचं वाक्य असेल तर पाचव्यावर बरगड्या अजून फुगलेल्या हव्यात. हात बरगड्यांवर ठेवा आणि तपासा. अर्थ तुटत नसेल तिथे मध्ये चोरून श्वास घ्या, पण क्रियापदाच्या आधी कधीच नाही.

शेवटच्या तालमीत रुमाल दोनदा वर गेला.

आम्ही पंचवीस वर्षांत बरेच दिग्दर्शक पाहिले, शिबिरं केली, परीक्षकांची बोलणी खाल्ली. आवाज वाढवा हे सगळ्यांनी सांगितलं. शेवटच्या रांगेत जाऊन कुणी बसलं नाही. लागूंनी १९९९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये सॉक्रेटिस उभा केला होता; त्या वयात तेवढी भाषा शेवटच्या माणसापर्यंत कशी जात असेल, याचं आम्हाला नुसतं कौतुक होतं. आता निदान कुठे बघायचं ते कळलं. आणि हे सांगणाऱ्यानं फी किती घेतली? पहिल्या तपासणीची. पुढच्या सगळ्याला "नाटकाचे पैसे घेत नसतो" असं म्हणून पाकीट परत ढकललंत. फुकट काम करणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत, पण ते मग समईजवळची खुर्ची मागतात, प्रास्ताविकात नाव मागतात, दोन शब्द बोलायला वीस मिनिटं मागतात. तुम्ही मागितलीत ती शेवटच्या रांगेतली खुर्ची, तीही तिकीट काढून.

आमच्या जॉबरची सूज परवाच्या तपासणीत जवळजवळ बसलेली दिसली. तो अजून ग्लासात बुडबुडे काढतो, आता घरातली पोरंही काढतात.

तुमचा रुमाल परवा खुर्चीखाली सापडला. धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. परत मागू नका, मिळणार नाही. पुढच्या नाटकाच्या तालमी पाडव्यानंतर सुरू होतायत आणि त्या खुर्चीत पाळीपाळीनं बसायचं ठरलंय.

आपले,
सोलापुरातली हौशी नाटकवाली मंडळी