आधी काटा, शेवटी सुतार : मिस्त्रीकाकांना जाहीर आभारपत्र

प्रिय मिस्त्रीकाका,

स. न. वि. वि.

जुन्या बसचं फिरतं घर करायला निघालेले लोक बहुतेक वेळा पलंग आणि ओट्याच्या चित्रापासून सुरुवात करतात. तुम्ही सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करायला लावलीत आणि कामांचा क्रमच लिहून दिलात : काटा, गंज, पाणी, तारा, गॅस, आणि सुतार सगळ्यात शेवटी. इतकी वर्षं बसबॉडी बांधलेल्या माणसाने मोबदला न घेता दिलेला हा कागद आहे. घरी बस बांधणाऱ्या इतरांच्याही तो उपयोगाचा आहे, म्हणून आभार जाहीरपणे मानतो आहोत.

सीटा काढल्या की रिकामी बस वजनकाट्यावर न्यायची, आणि पुढचा-मागचा अ‍ॅक्सल (चाकांच्या जोडीचा दांडा) वेगवेगळा तोलायचा, ही तुमची पहिली अट. गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटवरची प्रत्येक अ‍ॅक्सलची मर्यादा आणि काट्यावरचा आकडा यांतला फरक हीच खरी शिल्लक. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल जास्त भरलेला असू शकतो, कारण मागच्या चाकांच्याही पाठीमागे ठेवलेलं वजन तरफेसारखं वागतं. ते मागे स्वतःपेक्षा जास्त भार टाकतं आणि पुढचा भाग उचलतं. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंगही सैल वाटतं आणि पुढच्या ब्रेकची पकडही कमी होते. म्हणून २०० लिटरची पाण्याची टाकी, म्हणजे भरल्यावर २०० किलो, दोन अ‍ॅक्सलांच्या मधे आणि जमेल तितकी खाली. बॅटऱ्या तिच्या विरुद्ध बाजूला. प्लायचा तुमचा हिशोबही इथे लिहून ठेवतो, कारण तो कोणी करत नाही. ८ बाय ४ फुटांचा १८ मिमी प्लाय साधारण ३२ किलो भरतो, १२ मिमीचा २१ किलो. दहा शीट लागणार असतील तर नुसत्या जाडीत शंभर किलोंहून जास्त वाचतात.

जुन्या फ्लोअरवर नवा प्लाय ठोकून मोकळं व्हायचा मोह मोठा असतो. तुम्ही जुना प्लाय पूर्ण उचलायला लावता ते किती योग्य आहे, हे चाकांच्या कमानींभोवती आणि दाराच्या पायरीखाली पाहिलं की पटतं. पाणी तिथेच साचतं. सीटचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात, त्यांच्यावर स्पॅनर झिजवण्यापेक्षा ग्राइंडरने डोकी उडवणं बरं. रस्ट कन्व्हर्टर (गंजाला घट्ट थरात बदलणारं रसायन) फक्त पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावर चालतो. पापुद्रे सुटत असतील तर आधी ग्राइंडरची फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती) मारून उघडा पत्रा दिसला पाहिजे, आणि पेचकस टोचल्यावर आरपार जात असेल तर तो भाग कापून त्याच गेजचा (जाडीचा) नवा पत्रा लावायचा. वेल्डिंग सलग ओढायचं नाही. थोडं इथे, थोडं तिथे टाके घालत जायचं, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकडा होतो. त्याआधी बॅटरीचं कनेक्शन आणि गाडीच्या कंट्रोल युनिटचा प्लग काढायचा, अर्थ क्लॅम्प (वेल्डिंग मशीनचा परतीचा चिमटा) वेल्डच्या अगदी जवळ लावायचा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर जोडाजवळचं झिंक घासून काढायचं, कारण त्याच्या धुराने ताप भरतो. शेवटी इपॉक्सी प्रायमर आणि जोडांवर सीलर.

पाण्याचे दोन रस्ते तुम्ही वेगळे करून दाखवलेत, आणि हे फार कमी जण करतात. पहिलं बाहेरून येणारं. खिडक्यांची बीडिंग (काचेभोवतीची रबरी पट्टी) आणि छताचे रिव्हेट इन्सुलेशनच्या आधीच तपासायचे : पाइपचं पाणी खालून वर सरकवत न्यायचं आणि आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. वरूनच धार सोडली तर सगळं एकदम भिजतं आणि भोक नेमकं कुठे ते कळत नाही. छतावर सिलिकॉन लावायचं नाही. त्यावर रंग धरत नाही आणि पुढच्या वेळी नवा सीलरही चिकटत नाही. जोडांना पॉलियुरेथेन, हॅचच्या (छतातल्या झाकणाच्या) आणि खिडक्यांच्या फ्रेमखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी).

दुसरं पाणी आतलं. झोपलेल्या माणसांचा श्वास आणि स्वयंपाकाची वाफ थंड पत्र्याला लागली की दव धरतं, आणि पॅनेलमागे ते कोणालाच दिसत नाही. ग्लासवूल ते पाणी धरून ठेवतं. म्हणून बंद पेशींचा (पाणी न शोषणारा) फोम : एकतर एक्सपीएस (कडक फोमची) शीट पत्र्याला पूर्ण चिकटवून, नाहीतर स्प्रे. स्प्रे एकदम जाड मारला तर रासायनिक उष्णता आत कोंडते, फोम आतून करपतो आणि पत्रा फुगतो. २५ मिमीचा एक थर, तो थंड झाला की दुसरा. पिलर (बॉडीचे उभे धातूचे खांब) तसेच उघडे ठेवले तर थंडी त्यांच्यातूनच आत येते, तेव्हा पिलर आणि पॅनेल यांच्यामध्ये निदान १० मिमी फोमची पट्टी हवी. फोम जळतो, त्यामुळे तो कुठेही उघडा ठेवायचा नाही. फ्लोअर आणि छत मिळून ७-८ सेंटिमीटर उंची जाते, हे डोकं टेकेपर्यंत लक्षात येत नाही.

आता तारा. सगळ्यात जास्त ऋण इथलं आहे.

मोठ्या बसमध्ये स्टार्टरच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकूण २४. त्यातल्या एकीवरून १२ व्होल्ट काढून दिवे लावायचा ‘जुगाड’ तुम्ही पहिल्याच वाक्यात मोडीत काढलात : ती बॅटरी कायम अर्धवट भरते, दुसरी जास्त भरते, आणि दोन्ही अकाली मरतात. घराची बॅटरी वेगळी, मधे डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर घराची बॅटरी भरणारा). लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी थेट अल्टरनेटरला (इंजिनवर चालणाऱ्या जनरेटरला) जोडली तर ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळतो. चार्जर त्या करंटला लगाम घालतो. आणि शून्य अंशांखाली ती बॅटरी चार्ज करायची नाही, वापरायला हरकत नाही.

तारेच्या जाडीचा तुमचा नमुना हिशोब जसाच्या तसा. फ्रिज १२ व्होल्टचा, करंट ५ अँपिअर, बॅटरीपासून ८ मीटर. तार जाऊन-येऊन १६ मीटर धरायची. इथेच बहुतेक जण अर्धं अंतर मोजतात. २.५ चौरस मिमी तांब्यात ०.५६ व्होल्ट वाटेतच जातात, ६ चौरस मिमीत ०.२३. चालू होताना कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, बारीक तारेवर व्होल्टेज आणखी खाली येतं, कटऑफ (व्होल्टेज कमी झालं की फ्रिज बंद करणारी सोय) पडतो, आणि शिव्या फ्रिजला बसतात. २००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १८५ अँपिअरच्या आसपास मागतो, २४ वर त्याच्या निम्मे. तेव्हा मोठा इन्व्हर्टर हवाच असेल तर घराची बॅटरीसुद्धा २४ व्होल्टची.

रोजचा खर्च : फ्रिज ४०० वॉट-तास, पंखा ३००, लॅपटॉप २४०, दिवे १००. म्हणजे १०४० वॉट-तास. २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी ८० टक्के वापरली तर दोन दिवस जेमतेम निघतात. सपाट ठेवलेली ४०० वॉट पॅनेलं, चार तासांचं चांगलं ऊन आणि ३० टक्के तूट धरली तर दिवसाला ११२० मिळतात. पॅनेलखाली हवा खेळायला फट हवी, तापलेलं पॅनेल कमी वीज देतं. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ, कारण तो यंत्रासाठी नसतो, तारेसाठी असतो. लिथियमला क्लास-टी (खूप मोठा करंट तोडू शकणारा फ्यूज), साधा फ्यूज तिचा शॉर्ट सर्किट करंट तोडू शकेलच असं नाही. लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबायचे आणि टर्मिनल टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे. सैल लग तापतो, आणि आग बहुतेकदा तिथूनच सुरू होते.

गॅसबद्दल तुम्ही कमी बोललात, पण त्यात सूट नव्हती. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरचं कपाट आतून हवाबंद आणि तळाला थेट बाहेर उघडणारं भोक, तेही एक्झॉस्टपासून लांब. जोडांवर साबणाचं पाणी. गॅसचा अलार्म फ्लोअरजवळ. कार्बन मोनॉक्साइडचा उशाशी, झोपलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला.

सुतारकामाला तुम्ही अर्धं पान दिलंत आणि तेवढं पुरतं. पत्र्यात साधे स्क्रू हादऱ्याने सुटतात, तिथे रिवनट (पत्र्यात पक्का बसणारा आटेवाला रिव्हेट), नटांना नायलॉक (सैल न होणारे नायलॉनच्या कडीचे नट), कपाटांना दाबून उघडणारे लॅच, कारण चुंबक पहिल्याच वळणावर हार मानतो. बेसिनखालचा यू-ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारा वाकडा पाइप) धक्क्यांनी रिकामा होऊन वास येतो, तिथे झडपेचा कोरडा ट्रॅप. चालत्या गाडीत माणूस बसणार तिथली सीट आणि बेल्ट फ्रेमला बोल्ट केलेले, प्लायच्या बाकावर कोणी बसायचं नाही. आणि मागचं आपत्कालीन दार पलंगाने अडवायचं नाही, चित्रात तो कितीही छान दिसला तरी. नोंदणीतला वाहनाचा प्रकार बदलायची परवानगी काम सुरू करण्याआधी विचारायची, हेही तुम्हीच आठवणीने लिहिलंत.

तुमचा टॉर्क रेंच अजून आमच्याकडेच आहे. सीटबेल्टचे बोल्ट आवळून झाले की स्वच्छ पुसून, सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून परत पाठवतो.

आपले आभारी,
घरच्या घरी बस बांधणारे