बेरातल्या काकांना, त्या अकरा किलोमीटरांबद्दल

प्रिय काका,

तुमचं नाव मला माहीत नाही. त्या दिवशी विचारायचं राहून गेलं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, पोचलं तरी तुम्हाला मराठी वाचता येणार नाही, हेही कळतं. पण त्या संध्याकाळी हेल्मेटच्या आत मला ज्या भाषेत रडू आलं, त्याच भाषेत तुमचे आभार मानायचे आहेत. चार महिने झाले, तरी तो प्रसंग कुणाला सांगायला लागले की माझा आवाज अजून भरून येतो.

ओळख पटावी म्हणून सांगते. ऑगस्ट 2025. आयर्लंडच्या नैऋत्य टोकाचं तुमचं बेरा द्वीपकल्प. अर्डग्रूमकडून आयरीझला समुद्राच्या कडेकडेने जाणारा तो चिंचोळा रस्ता, मधोमध गवताची पट्टी असलेला. दोन्ही बाजूंना बांध आणि बांधांवर लाल फुलांनी लगडलेली फ्यूशियाची कुंपणं. ‘देवाची आसवं’ असं या फुलांचं आयरिश भाषेतलं नाव आहे, ते मला नंतर कळलं. तिथल्या एका वळणावर आडवी पडलेली मोटरसायकल आणि तिच्याशेजारी बांधाला टेकून बसलेली बाई तुम्हाला दिसली. ती मी.

सकाळ किती सुंदर गेली होती! हीली पासचा घाट मी एकटीने, मनाजोगत्या वेगात चढले होते. 1847 मध्ये, दुष्काळात उपाशी माणसांना कामाला लावून सुरू केलेला तो रस्ता. माथ्यावर कॉर्क परगणा संपतो, केरी सुरू होतो आणि खाली ग्लॅनमोर तळं दिसतं. मी तिथे इंजिन बंद करून बराच वेळ उभी होते. ज्यांना दोन वेळचं अन्न मिळत नव्हतं त्यांच्या हातांनी फोडलेल्या दगडांवरून मी हौसेने फिरत होते, आणि त्या विचाराने वेग आपोआप कमी झाला होता.

माथ्यावर मी एकटीच उभी होते, त्याचं कारणही सांगायला हवं. आम्ही पाच जण मिळून निघालो होतो. सगळे अनुभवी, सगळे मित्र म्हणवणारे. पहिल्या दिवशी ठरलं होतं की प्रत्येक फाट्यावर मागच्यासाठी थांबायचं आणि एक जण स्वीप राहील. मोटरसायकलवाल्यांच्या गटात स्वीप म्हणजे सगळ्यांत शेवटी चालणारा. त्याच्या मागे कुणी राहता कामा नये, हेच त्याचं काम. तिसऱ्या दिवशी आमचा स्वीप स्वतःच पुढच्या तिघांना जाऊन मिळाला.

भांडण वेगावरून होतं. 7 फेब्रुवारी 2025 पासून तुमच्याकडच्या ग्रामीण स्थानिक रस्त्यांवरची मर्यादा ताशी 80 वरून 60 किलोमीटरवर आली. मी ती पाळत होते, आणि आंधळ्या वळणांवर त्याहूनही कमी ठेवत होते. मित्रांना ते असह्य होत होतं. रस्त्याच्या तोंडाशी पांढऱ्या वर्तुळात काळे तिरके पट्टे असलेली, याच मर्यादेची पाटी होती. तिच्यावर आकडा नसतो. “आकडाच नाही, मग मर्यादा कसली?” एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, “तू ये आरामात, आपण हॉटेलवर भेटू.” आणि गेले. फाट्यावर कुणी थांबलं नाही, पुढच्याही नाही. मला याचा राग आहे, काका, आणि तो मी लपवणार नाही. वेग ज्याचा त्याचा. पण दिलेला शब्द सगळ्यांचा होता.

मग ते वळण. कुंपणाआडून एक मेंढी बाहेर आली, पाठीवर निळ्या रंगाची खूण असलेली, आणि रस्त्याच्या मध्ये उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मी चाळिसाच्या आसपास होते. ब्रेक दाबला, पुढचं चाक ओल्या गवतावर गेलं आणि गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. मेंढी वाचली. मीही वाचले. घोटा मुरगळला, उजवा आरसा फुटला, पुढच्या ब्रेकच्या लिव्हरचं टोक तुटलं आणि मागच्या ब्रेकचं पेडल आत वळून इंजिनला टेकलं.

घरी आल्यावर मी हिशोब मांडला. ताशी 80 ने जाणारी गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे सरकते. मेंढी दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात 33 मीटर गेले. ताशी 60 ला 25 मीटर. माझ्या वेगाला सतरासुद्धा नाहीत. त्या वळणावर समोरचं दिसत होतं ते जेमतेम वीस पावलं. म्हणजे साठसुद्धा तिथे जास्तच होता. हे मित्रांना पटवून द्यायची उमेद आता माझ्यात नाही. तुम्हाला मात्र ते सांगावं लागलं नसतं, कारण तुम्ही त्या वळणावरून आयुष्यभर ये-जा करत आला आहात.

गाडी एकटीला उचलेना. एक कार आली, कडेने अंग चोरून पुढे गेली. आतल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं होतं, आमची नजरानजर झाली होती. जिच्याकडून मोटरसायकल भाड्याने घेतली त्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिकडच्या मुलीने एरकोड विचारला. तुमच्या देशात 2015 पासून प्रत्येक घराला स्वतःचा सात अक्षर-अंकांचा कोड आहे. पण मी घरात नव्हते, वळणावर होते. मी कुंपणाचं वर्णन केलं, समुद्र कुठल्या हाताला आहे ते सांगितलं. ती म्हणाली, मुख्य रस्त्यावर या आणि पुन्हा फोन करा. मित्रांपैकी एकाचाही फोन लागला नाही.

आणि मग तुमची व्हॅन आली. मातीने भरलेली, मागे काळा-पांढरा कुत्रा. तुम्ही आधी व्हॅन वळणाच्या अलीकडे आडवी लावली, म्हणजे येणाऱ्याला लांबूनच दिसावं, आणि मग माझ्याकडे आलात. हा क्रम मी विसरणार नाही. “काही मोडलंय का, पोरी?” एवढंच विचारलंत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मला पोरी म्हणावं, इतकी काही मी लहान नाही. पण त्या क्षणी मी तेवढीच झाले होते. गाडी उभी केलीत. लोखंडी नळीचा तुकडा आणून पेडलमध्ये अडकवलात आणि एका दमात ते सरळ केलंत. तुटकी लिव्हर दाबून पाहिलीत, मान हलवलीत. चालेल.

या सगळ्याबद्दल मी ऋणी आहेच. पण पत्र लिहायला बसले ते यानंतरच्या गोष्टीसाठी.

मी गाडीवर बसले, किल्ली फिरवली आणि माझे हात थरथरायला लागले. तुमच्या ते लक्षात आलं. तुमची व्हॅन उलट्या दिशेला, अर्डग्रूमकडे निघाली होती. तुमचं काहीतरी काम असणार, कुणीतरी वाट बघत असणार. तुम्ही काही न बोलता शेताच्या फाटकाशी व्हॅन वळवलीत, माझ्या मागे आणून उभी केलीत आणि खिडकीतून म्हणालात, “तू पुढे हो. तुला हवं तेवढं सावकाश जा. मला ओलांडून कुणी पुढे येणार नाही.”

अकरा किलोमीटर. आयरीझच्या रंगीत घरांपर्यंत अकरा किलोमीटर तुम्ही माझ्या मागे होता, चारही इंडिकेटर लावून. उजवा आरसा नसल्यामुळे मागे काय चाललंय ते मला धड कळत नव्हतं. पडलेल्या माणसाला सगळ्यांत जास्त भीती मागून येणाऱ्याची वाटते. समोरचं निदान दिसतं. मागच्याच्या दडपणाने माणूस नको तिथे वेग वाढवतो आणि पुन्हा पडतो. माझ्या डाव्या आरशात तो पिवळा दिवा उघडमीट करत होता आणि प्रत्येक उघडमिटीला माझा श्वास जरा खोल जात होता. वळणांवर मी वीसपर्यंत खाली आले, तुम्हीही आलात. एकदाही जवळ सरकला नाहीत, एकदाही मागे पडला नाहीत. तुमच्या मागे एक कॅम्पर आणि दोन गाड्या साचल्या, तेव्हा रुंद जागा बघून तुम्ही एकदाच हलका हॉर्न दिलात. आपण दोघं कडेला थांबलो, ते निघून गेले, आणि तुम्ही पुन्हा माझ्या मागे आलात.

आमच्या भाषेत याला पाठराखण म्हणतात. हा शब्द मी आयुष्यभर वापरत आले, बहुतेक वेळा वादात कुणाची बाजू घेतली की. पाठ राखणं म्हणजे खरोखरच कुणाच्या पाठीमागून, त्याच्या चालीने चालणं, हे मला तुमच्या त्या व्हॅनमुळे कळलं. आमच्या गटात ज्याला स्वीप नेमलं होतं त्याला ते तीन दिवस जमलं नाही. तुम्हाला कुणी नेमलं नव्हतं.

तुमच्या त्या रस्त्यांवर समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. पहिले दोन दिवस मला वाटलं की मी काही चुकले. मग कळलं, ही रामराम करायची पद्धत आहे. अनोळखी माणसाला, रोज, प्रत्येक वळणावर. जिथे लोक एकमेकांना दिसतील इतक्या वेगाने गाड्या चालतात तिथेच हे घडू शकतं, असं मला मनापासून वाटतं. ऐंशीच्या वेगात बोट दिसत नाही, आणि बांधाला टेकून बसलेली बाईही दिसत नाही. माणुसकी फार मोठ्या काळजाची मागणी करते असं मी समजत असे. तुमच्याकडे पाहून वाटलं की तिला आधी थोडा वेळ लागतो, आणि तो तुम्ही मला दिलात. तुमच्या घरी त्या दिवशी कुणाला उशीर झाला असेल तर त्यांचेही आभार.

आयरीझला पोचल्यावर मी कडेला थांबून हेल्मेट काढायला लागले. पट्टा सुटेपर्यंत तुम्ही व्हॅन वळवलीतसुद्धा. कुत्र्याने मागच्या काचेतून पाहिलं. तुम्ही स्टिअरिंगवरून एक बोट उचललंत आणि अर्डग्रूमच्या रस्त्याला लागलात. मी हातात हेल्मेट घेऊन उभीच राहिले.

रात्री मित्र म्हणाले, “अगं, फोन करायचास ना!” मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी वेगळी, एकटी फिरले, ठरवून साठच्या आत.

मी उतरले होते त्या घरातल्या बाईंनी मला आयरिशमध्ये आभार कसे मानतात ते शिकवलं. त्या शब्दांचा सरळ अर्थ, तुझ्यापाशी चांगलं असू दे. त्या भाषेत एका माणसाला आदराने ‘तुम्ही’ म्हणायची सोय नाही, असंही त्या म्हणाल्या. थोरामोठ्यांनाही ‘तू’च. पूर्ण पत्रभर मी तुम्हाला अहो-जाहो केलं, काका, माझ्या जिभेला दुसरं काही जमलं नसतं. हे एवढं मात्र तुमच्याच पद्धतीने म्हणते.

गुरा मा अगत. तुझ्यापाशी चांगलं असू दे.

तुमची,
निळ्या मोटरसायकलवरची पोरगी